आतून रिकामं झालेलं मंत्रिमंडळ: १० दिवसांचा घटनाक्रम

महाविकास आघाडी कोसळली जून २०२२मध्ये, पण मी नोंद सुरू करतो ती ३० डिसेंबर २०१९पासून. त्या दिवशी विधानभवनाच्या आवारात ३६ जणांचा शपथविधी झाला आणि मंत्र्यांची संख्या ४३ झाली. २८८ आमदारांच्या विधानसभेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत याहून एकही जास्त मंत्री बसत नाही. राष्ट्रवादीला १६, शिवसेनेला १५, काँग्रेसला १२. मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडे, पण अर्थ आणि गृह राष्ट्रवादीकडे, महसूल काँग्रेसकडे. शिवसेनेच्या पंधरातल्या तीन जागा बच्चू कडू, राजेंद्र पाटील यड्रावकर आणि शंकरराव गडाख या पक्षाबाहेरच्या आमदारांना गेल्या. दीपक केसरकर आणि तानाजी सावंत या माजी मंत्र्यांना मात्र जागा उरली नाही. अडीच वर्षांनी हे दोघेही बंडखोरांबरोबर गुवाहाटीत दिसले.

२० जून २०२२, सकाळी ९. विधान परिषदेच्या दहा जागांसाठी मतदान सुरू झालं. उमेदवार अकरा. दहाच दिवसांपूर्वी राज्यसभेला शिवसेनेचे संजय पवार पडले होते, तरी आघाडी सावध झाली नव्हती. अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात; मतदानाची परवानगी त्यांना मिळाली नाही.

२० जून, रात्री. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. मुंबईत फुटलेल्या मतांची चर्चा चालू असताना शिवसेनेचे नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे पक्षाच्या आमदारांना घेऊन सुरतच्या वाटेला लागले होते. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील वाटेतून निसटले आणि पावसात, अंधारात पायपीट करत परत फिरले.

२१ जून. शिंदेंना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमलं गेलं. पक्षाचे दूत म्हणून मिलिंद नार्वेकर आणि रवींद्र फाटक सुरतेला जाऊन शिंदेंना भेटले. शिंदेंची मागणी एकच होती: राष्ट्रवादी-काँग्रेसची साथ सोडा, भाजपबरोबर चला.

२२ जून, पहाटे. सगळे विमानाने गुवाहाटीला. आसाम तेव्हा पुराने वेढलेला होता.

२२ जून, सायंकाळी ५. ‘वर्षा’ या मुख्यमंत्र्यांच्या शासकीय निवासस्थानातल्या बैठकीसाठी शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभूंनी पक्षादेश काढला. शिंदेंनी तो अवैध ठरवून भरत गोगावलेंना प्रतोद नेमलं. कोरोनाबाधित मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून राज्याशी बोलले: समोर येऊन सांगा, राजीनामा देतो. रात्री त्यांनी ‘वर्षा’ सोडलं आणि ते ‘मातोश्री’ या आपल्या घरी गेले.

२३ जून. आमदार संजय शिरसाट यांचं पत्र बाहेर आलं. ‘वर्षा’चे दरवाजे आम्हाला बंद होते, हा त्याचा गाभा. निधीची तक्रार त्याहून जुनी. मतदारसंघात ज्या राष्ट्रवादीच्या उमेदवाराला हरवून निवडून आलो, त्यालाच आता सरकारकडून बळ मिळतंय, असं शिवसेनेचे आमदार वर्षभर सांगत होते. बंडाला दिल्लीचं पाठबळ होतं, तपासयंत्रणांची भीतीही होती. ते मी नाकारत नाही. पण ही तक्रार खरी होती आणि ती ऐकून घेणं हे मुख्यमंत्र्यांचंच काम होतं. त्याच दिवशी शिवसेनेचे खासदार संजय राऊत म्हणाले, चोवीस तासांत परत या, आघाडी सोडायचा विचार करू. मित्रपक्षांना ते जाहीरपणे ऐकावं लागलं.

२५ जून. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडून सोळा बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा. उपाध्यक्षांकडून, कारण फेब्रुवारी २०२१मध्ये नाना पटोलेंनी राजीनामा दिल्यापासून अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. बहुमत असलेल्या तीन पक्षांना सोळा महिन्यांत ती भरता आली नाही. माझ्या मते आघाडीची सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

२६ जून. उदय सामंत गुवाहाटीत. गेलेल्या मंत्र्यांची संख्या नऊ झाली.

२७ जून. सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीला उत्तर द्यायची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. इकडे मुख्यमंत्र्यांनी खाती फिरवली. शिंदेंचं नगरविकास सुभाष देसाईंकडे, गुलाबराव पाटलांचा पाणीपुरवठा अनिल परबांकडे, सामंतांचं उच्च व तंत्रशिक्षण आदित्य ठाकरेंकडे. दादा भुसेंची शेती आणि संदीपान भुमरेंची रोजगार हमी, दोन्ही गडाखांकडे. आर्द्रा लागलेल्या, पेरणीचे दिवस. आणि कृषिमंत्री राज्यात नाहीत.

हा आदेश नीट वाचला की मंत्रिमंडळाचं काय झालं होतं ते कळतं. शिवसेनेच्या वाट्याच्या पंधरांपैकी संजय राठोड आधीच राजीनामा देऊन बाहेर पडले होते. आता उरले पाच. त्यांतले उद्धव ठाकरे, देसाई आणि परब हे तिघे विधान परिषदेचे. मतदारांनी थेट निवडून दिलेले दोनच, वरळीचे आदित्य आणि नेवाशाचे गडाख. त्यातही गडाख मूळचे शिवसेनेचे नव्हेत. चारही राज्यमंत्री गेल्यामुळे त्यांची खाती राष्ट्रवादी-काँग्रेसच्या राज्यमंत्र्यांना द्यावी लागली. ज्या पक्षाचा मुख्यमंत्री, त्याच पक्षाचा गावाशी, तालुक्याशी जोडलेला धागा मंत्रिमंडळातून निघून गेला होता.

२८ जून, रात्री. दिल्लीहून परतलेले भाजपचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस राजभवनावर गेले आणि त्यांनी बहुमत चाचणीची मागणी केली.

२९ जून, सकाळ. राज्यपाल भगतसिंह कोश्यारींचं पत्र आलं: उद्या सकाळी ११ वाजता बहुमत सिद्ध करा.

२९ जून, सायंकाळी ५. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात बहुमत चाचणीवर सुनावणी, मंत्रालयात मंत्रिमंडळाची बैठक. औरंगाबादचं संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव. इतके मोठे निर्णय सरकारच्या शेवटच्या संध्याकाळी व्हावेत, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने ते पुन्हा घेतले.

२९ जून, रात्री ९नंतर. न्यायालयाकडून चाचणीला स्थगिती नाही. काही मिनिटांतच उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रिपदाचा आणि परिषदेच्या आमदारकीचा राजीनामा जाहीर केला आणि मध्यरात्रीपूर्वी स्वतः राजभवनावर नेऊन दिला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांचा चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, पण चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिल्याने ते सरकार परत आणता येणार नाही, असंही सांगितलं. त्या रात्री थांबून सकाळी सभागृहात उभं राहायला हवं होतं. हरले असते, पण कोणी कोणाच्या विरोधात मत दिलं ते विधानसभेच्या नोंदीत राहिलं असतं.

३० जून, सायंकाळी ७.३०. शिंदे मुख्यमंत्री, फडणवीस उपमुख्यमंत्री. सरकारबाहेर राहीन असं फडणवीसांनी दुपारीच जाहीर केलं होतं. पक्षश्रेष्ठींच्या सांगण्यावरून तेही शपथ घ्यायला उभे राहिले. दोघांचंच मंत्रिमंडळ ९ ऑगस्टपर्यंत चाललं. जुलैत विदर्भात अतिवृष्टीने पिकं गेली, तेव्हा राज्याला कृषिमंत्री नव्हता आणि एकाही जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता. ९ ऑगस्टला अठरा जणांनी शपथ घेतली. शिंदेंच्या वाट्याच्या नऊ जणांत केसरकर होते, सावंत होते, राठोडही होते. कडू आणि यड्रावकर नव्हते. आणि अठरांत एकही महिला नव्हती.