गांधीलमाशी, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे? शेतात-परसात ही काळजी घ्या

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की बहुतेकांना सूज आणि आग एवढ्यावरच भागतं. ॲलर्जी असणाऱ्याच्या मात्र एकच डंख जिवावर बेतू शकतो.

कामाआधी : स्टार्टरची पेटी, पत्र्याची वळचण, रिकामे पाइप आधी लांबून बघा. गांधीलमाश्या तिथंच घर करतात. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट आणि बूट घाला, अत्तर टाळा. झाडाखाली पडलेले पेरू, आंबे रोज उचला. एकट्याने जाऊ नका, फोन जवळ ठेवा.

आग्या मोहोळ दिसलं तर : दगड मारू नका, धूर करू नका. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड झाकून पळा आणि घरात किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात.

डंख बसल्यावर : मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने लगेच खरवडून काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डंख मारते.

धोक्याची लक्षणं : अंगभर पित्त, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, उलटी, चक्कर. अशा वेळी चुना, लोखंड घासत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा. चालवू नका. यावर खरं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. नुसत्या पित्ताच्या गोळीवर थांबू नका.

पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना आधीच भेटून औषध जवळ ठेवण्याबाबत विचारावं.

मोहोळ मात्र जाळू नका. डाळिंब, कलिंगड, कांदा बियाण्याचं परागीभवन याच माश्या करतात.