श्वानासह भटकंती : जुन्नर परिसर

सुटीत घराबाहेर पडताना पाळीव कुत्र्याला मागे ठेवावे की सोबत न्यावे, हा प्रश्न शहरी कुटुंबांना नेहमी पडतो. मोठ्या पर्यटनस्थळी गर्दी आणि निवासाचे निर्बंध आड येतात. त्यामुळे अनेकांचा ओढा लहान गावांकडे असतो. पुण्याच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या काठी वसलेले जुन्नर हे असेच एक गाव. मात्र या परिसरात कुत्र्याला कोठे न्यायचे, यापेक्षा कोणत्या वेळी न्यायचे, हे ठरविणे अधिक महत्त्वाचे असते.

किल्ला आणि लेणी

जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि लेण्याद्री आठवतात. ही दोन्ही ठिकाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. केंद्राच्या १९५९ च्या नियमांनुसार, देखभालीच्या कामाखेरीज अन्य कारणासाठी संरक्षित स्मारकात कोणताही प्राणी आणण्यास मनाई आहे. त्यामुळे कुत्र्याला घेऊन किल्ला चढण्याचा बेत आखू नये. कुटुंबातील एकाने पायथ्याशी सावलीत कुत्र्यासोबत थांबावे आणि इतरांनी आळीपाळीने दर्शन घ्यावे, हाच व्यवहार्य मार्ग. बंद मोटारीत कुत्र्याला ठेवून जाणे मात्र कटाक्षाने टाळावे. उन्हात मोटारीतील तापमान काही मिनिटांतच जीवघेणे होते. लेण्याद्रीच्या परिसरात माकडांचा वावर असल्याने तेथे पट्टा हातातच हवा.

मोकळ्या वाटा

कुत्र्याला मनसोक्त चालविण्यासाठी गावाबाहेरच्या गाडीवाटा आणि धरणांच्या जलाशयांचे काठ सोयीचे. कुकडीवरील माणिकडोह आणि मीना नदीवरील वडज ही धरणे जुन्नरच्या जवळच आहेत. धरणाची भिंत व तिचा परिसर टाळून, गावकऱ्यांना विचारून काठाने फिरावे. पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावरील पठार हिवाळ्यात चालण्यास उत्तम. तेथील कडे सरळ तुटलेले असून वाराही जोराचा असतो, म्हणून कुत्र्याला मोकळे सोडू नये. पावसाळी सुट्यांच्या दिवशी तेथे मोठी गर्दी होते, ते दिवस वगळावेत.

द्राक्षबागा आणि भाजीपाल्याच्या शेतांत कीटकनाशकांची फवारणी होते. बांधावरून जाताना कुत्र्याला पाने चाटू देऊ नयेत किंवा शेतातील साचलेले पाणी पिऊ देऊ नये. पिण्याचे पाणी सोबत असावे.

बिबट्याचे भान

जुन्नर तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. कुत्रा हे बिबट्याचे सहज मिळणारे भक्ष्य होय. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा होता. या भागात मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालतात, ते याच कारणासाठी.

म्हणूनच फेरफटका सूर्य चांगला वर आल्यानंतर सुरू करावा आणि सूर्यास्तापूर्वी बराच वेळ आधी संपवावा. शहरातील पहाटेच्या अंधारातील फेरीची सवय येथे मोडावी लागते. उसाच्या कडेने जाणाऱ्या वाटा टाळाव्यात, विशेषतः ऊसतोडणीच्या हंगामात. पट्टा आखूड ठेवावा. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून धावू नये. कुत्र्याला जवळ घेऊन, मोठ्याने आवाज करीत सावकाश मागे सरावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

मुक्काम आणि आरोग्य

परिसरात कृषी पर्यटन केंद्रे व घरगुती निवासाच्या सोयी आहेत. आरक्षणापूर्वी दूरध्वनीवरून दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. कुत्र्याला खोलीच्या आत ठेवता येईल काय, आणि आवारात मालकाची कुत्री, कोंबड्या वा शेळ्या मोकळ्या असतात काय. ‘कुत्रा अंगणात बांधा’ असे उत्तर मिळाल्यास तेथे उतरू नये. रात्री कुत्रा दार लावलेल्या खोलीतच झोपला पाहिजे.

रेबीजविरोधी लसीची नोंद असलेले पुस्तक सोबत ठेवावे. पहिली लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्धक मात्रा दिली जाते. गावातील भटक्या कुत्र्यांशी गाठ पडण्याची शक्यता असल्याने ही काळजी आवश्यक ठरते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. परतल्यावर कानांच्या मागे आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडी तपासाव्यात. दुपारी डांबरी रस्त्यावर हाताचा तळवा टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला, तर कुत्र्याच्या पंजालाही बसणारच.

सकाळचे ऊन, मोकळी वाट आणि हातात पट्टा, एवढ्या तयारीवर जुन्नरची सहल कुत्र्यालाही सुखाची होते. दिवस मावळण्याआधी मात्र मुक्कामी परतलेले असावे.