हुशार मुलांचे पालक आणि शाळा : काय मागायचे, कोणाकडे, कोणत्या आधारावर

वर्गात सर्वांच्या आधी गणित सोडवून रिकामे बसणारे मूल थोड्याच दिवसांत खोड्या काढू लागते. मग शाळेतून निरोप येतो, "तुमचा पोरगा फार मस्ती करतो." आईबाप मान खाली घालून ऐकतात आणि घरी येऊन त्याला दोन धपाटे देतात. ते मूल पुढचे काहीतरी मागत होते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. पैसे असलेल्या घरात ही भूक क्लास, पुस्तके आणि स्पर्धा यांतून भागते. नाक्यावर कामाला उभे राहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या पालकांच्या मुलांना मात्र शाळा सोडून दुसरी जागा नसते. त्यामुळे तिथे जाऊन बोलावेच लागते.

हुशारी ओळखायची कशी? पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा विचार केला, पण बुद्धिमापन चाचणी आपल्या बहुतेक मुलांपर्यंत पोचतच नाही. चाचणीचा कागद नसला तरी अडत नाही. मूल कोणत्या वर्गाची पुस्तके वाचते, हिशेब कसा करते, कोणते प्रश्न विचारते, हे महिनाभर वहीत तारखेसह लिहून ठेवा. आईला लिहिता येत नसेल तर ताई-दादाने लिहावे. "आमचं पोर लई हुशार आहे" या वाक्यावर शिक्षक हसून मान डोलावतात. वही समोर ठेवली की बोलणे मुद्द्यावर येते.

कायदा काय सांगतो

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये प्रज्ञावंत मुलांसाठी वेगळे कलम नाही. तरीही त्यातली काही कलमे उपयोगी पडतात. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याप्रमाणे गरज असल्यास जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. हे फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी आहे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पालकांशी नियमित बैठक घेऊन मुलाची हजेरी, क्षमता व प्रगती सांगणे हेही त्याच कलमात येते. कलम २९ मुलाच्या सुप्त क्षमता आणि प्रतिभा वाढवण्याची अपेक्षा ठेवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर विशेष प्रतिभेच्या मुलांना पूरक साहित्य, विषयमंडळे आणि प्रकल्प द्यावेत असा स्वतंत्र भाग आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, ते कोर्टात दाखवून हक्क मिळत नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मात्र ते चालते.

दुसरे साधन शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत कलम २१ प्रमाणे या समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वंचित गटांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते आणि निम्म्या सदस्य महिला असतात. बऱ्याच ठिकाणी आपल्या बायाबापड्यांच्या सह्या घरी येऊन घेतल्या जातात आणि बैठक कागदावर होते. कार्यकर्त्यांनी आधी हे बदलावे. वाचनालयाची कपाटे उघडी ठेवणे, वरच्या वर्गाची पुस्तके मुलांना देणे, परीक्षेची तयारी शाळेतच करून घेणे, हे विषय बैठकीच्या इतिवृत्तात आले की त्यांना वजन येते. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. २५ टक्के राखीव जागेवर तिथे गेलेल्या मुलांच्या पालकांना थेट लेखी अर्जच करावा लागतो.

बोलायचे कसे

भांडायला जाऊ नका, आणि हात जोडूनही जाऊ नका. "सर, मुलगी गणित लवकर संपवते, मग बसून राहते. त्या वेळेत तिला पुढचं काय देता येईल?" एवढे पुरे. दोन वर्ग पुढे घाला असा हट्ट मला योग्य वाटत नाही. मूल आपल्या वयाच्या सोबत्यांत राहून पुढचे शिकले तर बरे. वर्गशिक्षकांनी ऐकले नाही तर मुख्याध्यापकांना दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. कायद्याने दिलेला हक्कच डावलला जात असेल तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो.

कधी उत्तर येते, "तुम्हाला तर स्कॉलरशिप मिळतेच की." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. त्यावर शांतपणे सांगावे की जातीच्या आधारे मिळणारी शिष्यवृत्ती वेगळी, आणि आम्ही मागतो आहोत ते शिकवणे वेगळे.

एकट्या पालकाचा आवाज कमी पडतो, हे आपल्याला माहीत असलेल्या घरातही दिसते. सुभेदार रामजींनी मुलीचे दागिने गहाण टाकून भीमरावांना पुस्तके आणून दिली, पहाटे उठवून अभ्यास घेतला. तरीही शाळेत संस्कृतची इच्छा असताना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये मिळू लागले. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी पालकाबरोबर शाळेत जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसावे, ते याचसाठी.

ज्या परीक्षा शाळेमुळे हुकतात

एनएमएमएस : आठवीतल्या मुलांसाठी, सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत आहे. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांनी भरला नाही तर मूल परीक्षेला बसूच शकत नाही. आठवी सुरू झाल्यावर जूनमध्येच विचारावे.

जवाहर नवोदय : पाचवीत असताना परीक्षा, सहावीला प्रवेश. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. परीक्षा एकदाच देता येते आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते.

श्रेष्ठ योजना : फक्त अनुसूचित जातींच्या मुलांसाठी, नववी व अकरावीला चांगल्या खासगी निवासी शाळांत केंद्राच्या खर्चाने शिक्षण. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. आपल्याकडे हिची माहिती फारच थोड्यांना आहे.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, नंतर पाचवी-आठवीला आली. इयत्तांचे नियम बदलतात, म्हणून त्या वर्षाचे परिपत्रक परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे.

कागदांत सर्वांत जास्त घोळ जातीच्या दाखल्याचा होतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण शाळेच्या दाखल्यावर कुठे नुसते "बौद्ध", कुठे मूळ जात, कुठे दोन्ही लिहिलेले असते. राज्याच्या व केंद्राच्या अर्जांना दाखल्याचा नमुनाही वेगळा लागू शकतो. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नवा काढावा लागतो. तहसील किंवा सेतू केंद्रात फेऱ्या मारताना अर्जाची मुदत निघून जाते, त्यामुळे मूल चौथीत असतानाच ही कागदपत्रे एका पिशवीत जमवायला सुरुवात करावी.