पाकिटामागच्या चौकटीचा मागोवा

चेन्नईजवळच्या आवडीत हेवी व्हेइकल्स फॅक्टरी आहे, रणगाड्यांची संशोधन संस्था आहे, हवाई दलाचा तळ आहे. बदलीच्या नोकरीने इथे आलेल्या मराठी कुटुंबाला वाणसामान आणताना पहिल्यांदा अडते ते लिपीशी. दुकानाची पाटी तमिळ, पुड्यावरची जाहिरातही तमिळ. पण पुडा उलटा केला की मागे एक लहानशी चौकट दिसते: ऊर्जा, प्रथिने, साखर, सोडियम. जवळच चौदा आकडी परवाना क्रमांक. ही चौकट इंग्रजीत किंवा हिंदीत असते, म्हणून देशात कुठेही वाचता येते. ती इथवर कशी पोहोचली, याचा शोध घेऊ लागलो की पहिला धागा तमिळनाडूतच सापडतो.

निलगिरीच्या डोंगरात कुन्नूरला पाश्चर संस्था होती. १९१८ मध्ये तिथल्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीची चौकशी सुरू केली. तांदूळ सडून पांढरा केला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जाते आणि त्याच भातावर जगणाऱ्या माणसाचे पाय लुळे पडतात. १९२८ मध्ये या कामातून न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज उभी राहिली. पुढे संचालक झालेल्या डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. आपल्या रोजच्या धान्याडाळींत, भाज्याफळांत काय आणि किती आहे, ते प्रयोगशाळेत मोजून तक्त्यात मांडलेले होते. आधी मोजायचे आणि मगच सांगायचे, ही शिस्त तिथे रुजली.

याच कुन्नूरला एक मराठी शास्त्रज्ञ सहायक संचालक म्हणून आल्या: कमला भागवत, दुर्गा भागवतांची बहीण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. पण त्या मागे हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईला आल्यावर विज्ञान संस्थेत कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास चालू ठेवला.

तक्ता तयार होता, पण बाजारातला माल तक्त्याबरहुकूम असेलच याची हमी कोण देणार? भेसळीविरुद्ध मद्रास प्रांताचा १९१८ चा आणि मुंबई प्रांताचा १९२५ चा असे वेगवेगळे कायदे होते. साऱ्या देशाला एकच कायदा मिळाला तो १ जून १९५५ पासून, अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा लागू झाला तेव्हा. त्याच वर्षी जानेवारीत याच आवडीत उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. बाजार विक्रेत्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, ही त्या काळाचीच भूमिका होती.

तरीही कायदा निरीक्षकाच्या हाती होता, गिऱ्हाईक बाहेरच होते. त्याला आत आणले ते बायकांनी आणि चळवळींनी. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. निवृत्तीनंतर कमला सोहोनी या संस्थेत उतरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ नियतकालिकात वस्तूंच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. कुन्नूरचे शास्त्र आणि मुंबईच्या गृहिणीची तक्रार या एका बाईच्या कामात एकत्र आले. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अमलात आला ५ ऑगस्ट २०११ रोजी. पोषणमूल्यांची चौकट सक्तीची झाली ती याच शतकात.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. २०२४ च्या तिच्या १७ आहारसूचनांपैकी एक लेबल वाचण्याचीच आहे.

वाचायचे कसे? आधी आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, ते बघा. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा आहे ५ ग्रॅम. चौदा आकडी क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रशस्तिपत्र नव्हे. जाब कुणाला विचारायचा, एवढेच तो सांगतो. तो खरा की खोटा हे ‘फोसकॉस’ संकेतस्थळावर पडताळता येते. खाण्याबाहेरच्या वस्तूंवरही अशीच खूण वाचावी: कुकर किंवा हेल्मेट घेताना आयएसआय खुणेच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासावा. या दोन्ही वस्तूंना २०२१ पासून ही खूण सक्तीची आहे.

आज मोबाइलवर आहाराचे सल्ले दिवसरात्र येऊन पडतात. त्यातल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: हे कुणी मोजले, आणि चुकले तर जबाबदार कोण? पाकिटामागच्या चौकटीकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, कारण ती मिळवायला अनेकांची आयुष्ये खर्ची पडली. तेव्हा पुडा पिशवीत टाकण्याआधी उलटा करून वाचा, मुलांनाही वाचायला शिकवा. आणि काही खोटे आढळले तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.