टायको ब्राहेचा मृत्यू : विष, कट की अडलेली लघवी?

१/ १३ ऑक्टोबर १६०१. प्रागमध्ये पेट्र व्होक रोझेनबर्क या सरदाराच्या घरी मेजवानी होती. पाहुण्यांमध्ये दुर्बिणीपूर्व युगातील सर्वांत अचूक आकाशनिरीक्षक बसला होता : टायको ब्राहे. अकरा दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या मृत्यूचे साधे कारण जगाला शतकानुशतके पुरेसे वाटले नाही. आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ टायको डेन्मार्कचा उमराव; जन्म १५४६. तरुणपणी द्वंद्वयुद्धात नाकाचा तुकडा गेला, म्हणून आयुष्यभर कृत्रिम नाक लावून वावरला. १५७२ साली प्रकटलेल्या नव्या ताऱ्याचे वेध घेऊन त्याने ‘आकाश अपरिवर्तनीय आहे’ या समजुतीला तडा दिला. ह्वेन बेटावर वेधशाळा उभारली. १५९९ साली तो सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयास प्रागला आला.

३/ त्या रात्री काय घडले, हे त्याचा सहकारी योहानेस केप्लर याने टिपून ठेवले आहे. टायकोने मद्य नेहमीपेक्षा सढळ हाताने घेतले. लघवीची भावना झाली. परंतु यजमानाआधी उठणे अशिष्ट ठरेल, म्हणून तो बसून राहिला. प्रकृतीपेक्षा त्याने शिष्टाचाराला मान दिला.

४/ घरी परतल्यावर लघवी होईना. पाच रात्री झोपेविना गेल्या. मग अतिशय वेदनेसह थोडी थोडी लघवी झाली, तरी अडथळा कायमच. ताप आला आणि भ्रम सुरू झाला. आपले जगणे व्यर्थ ठरू नये, असे तो अखेरच्या रात्री पुन्हा पुन्हा म्हणत होता. २४ ऑक्टोबरला त्याने प्राण सोडला. वय ५४.

५/ लोककथेने याचे रूपांतर ‘मूत्राशय फुटून मृत्यू’ असे केले. ते पटण्यासारखे नाही. निरोगी मूत्राशय केवळ लघवी रोखल्याने फुटत नाही; बहुतेक वेळा त्याआधीच माणसाचा ताबा सुटतो. केप्लरच्या नोंदीत दिसते ते तुंबलेल्या लघवीचे चित्र. वैद्यकात याला तीव्र मूत्रावरोध म्हणतात.

६/ त्यामागची प्रक्रिया अशी. मद्यामुळे लघवी जास्त तयार होते. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणला गेला की त्याच्या स्नायूची आकुंचनशक्ती क्षीण होते. पन्नाशीनंतर पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्ग आधीच अरुंद झालेला असू शकतो. मग दार बंद आणि ढकलणाराही थकलेला. टायकोच्या बाबतीत असेच घडले असावे, असा अनेकांचा तर्क आहे.

७/ तुंबलेल्या लघवीचा दाब उलट मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. ती काम थांबवतात, रक्तात युरियासारखी द्रव्ये साचतात आणि मेंदू ग्रासला जातो. टायकोचा भ्रम या चित्रात चपखल बसतो.

८/ तरीही विषाची कुजबुज होतीच. १९९० च्या दशकात त्याच्या दाढीमिशांच्या केसांत पारा आढळला आणि तिला बळ मिळाले. २००४ साली एका पुस्तकाने थेट केप्लरवर खुनाचा आरोप केला. हेतूही सापडला : टायकोच्या निरीक्षणवह्या. त्याच्या मृत्यूनंतर आपण त्या ताब्यात घेतल्या, हे केप्लरने स्वतःच मान्य केले होते.

९/ अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये डॅनिश आणि चेक संशोधकांनी प्रागच्या टीन चर्चमधील त्याची कबर उघडली. २०१२ साली निष्कर्ष आला : पाऱ्याचे प्रमाण मृत्यू घडवण्याइतके नव्हते. नाकही लोक समजत तसे सोन्या-चांदीचे नव्हे, तर बहुधा पितळेचे निघाले. खुनाची कथा तेथेच कोसळली.

१०/ मग ही कथा इतकी का रुजली? केप्लरचा पुरावा तर पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. मला वाटते, ज्याच्या नोंदींवर पुढे केप्लरचे ग्रहगतीचे नियम उभे राहिले, त्या माणसाला लघवी अडल्याने मरण यावे, हे आपल्याला शोभादायक वाटत नाही. खून भव्य वाटतो. मूत्राशय हसू आणतो.

११/ उपाय तरी होता का? पॉम्पेईच्या अवशेषांत मूत्रमार्गात घालण्याच्या कांस्य नळ्या मिळाल्या आहेत. सुश्रुतसंहितेत मूत्राघातावर स्वतंत्र अध्याय आहे. ताठ धातूची नळी मात्र यातना देई. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिनने आजारी भावासाठी चांदीची लवचीक नळी करवून घेतली. आज असा रुग्ण वेळेत पोहोचला, तर साध्या नळीने बहुधा काही मिनिटांतच मोकळा होतो.

१२/ ‘वेळेत’ हाच कळीचा शब्द. आपली भाषाच पाहा : ‘लघुशंका’. वर्गात करंगळी वर करून ‘एकीला जाऊ?’ विचारणारे आपण मोठेपणी तेवढेही विचारत नाही. बारीक धार, थेंब थेंब गळणे, रात्री वारंवार उठणे, मूत्राशय रिकामा न झाल्याची भावना : घरातील वडीलधारे हे सारे ‘वय झाले’ म्हणून लपवतात. लघवी पूर्ण अडली, तर ती तातडीची अवस्था असते.

१३/ टायकोने ग्रहांच्या स्थानांत कलेचा सूक्ष्म फरकही दुर्लक्षिला नाही. स्वतःच्या शरीराची सूचना मात्र त्याने एका संध्याकाळपुरती बाजूला सारली. पुढच्या वेळी बाबा किंवा आजोबा रात्री तिसऱ्यांदा उठले, तर त्यांना ही गोष्ट सांगा. मग दवाखान्याचा विषय काढणे थोडे सोपे जाईल.