बिनसुळ्यांच्या हत्तिणी

क्रूगर आपल्यापैकी बहुतेकांचं पाहून झालंय, काहींचं तर चार-पाचदा. भारतातून पाहुणे आले की गाडी काढायची आणि निघायचं! पण शेजारच्या मोझांबिकमधलं गोरोंगोझा सहसा कुणाच्या यादीत नसतं. आम्ही गेलो ते बैरापर्यंत विमानाने आणि पुढे तीन-चार तास गाडीने. प्राणी भरपूर पाहिले, पण मनात घर करून राहिला तो तिथला इतिहास.

मोझांबिकचं आणि आपलं नातं तसं जुनं. १७५२ पर्यंत या मुलखाचा कारभार चक्क गोव्याहून चालायचा! पुढे १९२० मध्ये मोझांबिक कंपनीने गोरोंगोझाचं जंगल शिकारीसाठी राखून ठेवलं आणि १९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं. पुराच्या पाण्यामुळे सोडून दिलेल्या एका इमारतीत सिंहांनी मुक्काम ठोकला, आणि ‘सिंहांचं घर’ म्हणून ती प्रसिद्ध झाली.

१९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली. डिसेंबर १९८१ मध्ये रेनामोच्या बंडखोरांनी उद्यानाच्या चितेंगो इथल्या मुख्य तळावर हल्ला केला. १९८३ मध्ये उद्यान बंदच पडलं. दोन्हीकडच्या सैनिकांनी मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी प्राणी मारले. १९९२ मध्ये रोमला तह झाला, तेव्हा मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संपले होते.

हत्तींमध्ये आधी बळी गेले ते सुळेवाले. ज्या माद्यांना जन्मतःच सुळे नव्हते, त्या वाचल्या. युद्धापूर्वी पाचांत एखादीच मादी बिनसुळ्यांची असे. युद्धातून वाचलेल्यांत जवळजवळ निम्म्या तशा होत्या. हा गुण आईकडून लेकीकडे जातो, पण नर गर्भाला तो मारक ठरतो, असं २०२१ च्या संशोधनात दिसून आलं. म्हणजे बंदुका थांबल्या, तरी त्यांची खूण पुढच्या पिढीत उतरलीच की!

२००४ पासून ग्रेग कार या अमेरिकन माणसाच्या संस्थेने सरकारच्या जोडीने उद्यान पुन्हा उभं करायला घेतलं. आपल्या क्रूगरमधूनही रानम्हशी तिकडे नेल्या. आज मोठ्या प्राण्यांची गणती लाखाच्या घरात आहे. आजूबाजूच्या गावांसाठी शाळा, दवाखाने, डोंगरावर कॉफीची लागवड अशी कामं उद्यानच चालवतं. कारण पोटाला अन्न नसेल, तर माणूस हरणावर फास लावणारच. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळ आलं, तेव्हा उद्यानाचे वनरक्षक पूरग्रस्तांना धान्य पोचवत होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला सरकार आणि रेनामो यांनी शांतता करारावर सह्या केल्या, त्याही गोरोंगोझातच!

म्हाताऱ्या हत्तिणी मात्र अजून गाडी दिसली की कान फडकावून बिथरतात. त्यांनी युद्ध पाहिलंय. आमचा वाटाड्या लांबच थांबला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “आधी त्यांना जाऊ द्या.” मंडळी, पुढच्या सुट्टीत मुलांना जरूर न्या. क्रूगरमध्ये जंगल दिसतं. इथे मोडलेलं जंगल माणसं पुन्हा कसं उभं करतात, ते दिसतं.