फाळक्यांचा वाटाणा: शॉट, गोष्ट आणि कात्री आपण कशी शिकलो

व्हिडिओ करायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कॅमेरा कुठला घ्यायचा आणि ॲप कुठलं वापरायचं. लखनौच्या ज्या विकासनगरात बसून मी हे बोलतोय तिथली मुलंही हेच विचारतात. आज मी त्या प्रश्नाला सरळ बगल देणार आहे. आपल्याकडे ना शाळा होती, ना पुस्तक, ना शिकवणारा, तेव्हा मराठी माणसं शॉट लावायला, गोष्ट सांगायला आणि फिल्म कापायला कशी शिकली, ते आज बघू. या हकिकतीत एक वाटाणा आहे, एक कुत्रा आहे आणि एक बाई आहे, जिचं काम मोजायला आपण फार उशीर केला.

सुरुवात मुंबईत. 7 जुलै 1896 या दिवशी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे पेशानं छायाचित्रकार. त्यांना हे वेड लागलं. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. पैलवान पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. चित्रित केलेली फिल्म धुवायला पुन्हा इंग्लंडला पाठवावी लागली.

कुस्ती निवडण्यात मला मोठं शहाणपण दिसतं. कॅमेरा जड, एका जागी रोवलेला. तो फिरत नाही, पुढं जात नाही. अशा वेळी काय चित्रित करावं? जे चौकटीच्या बाहेर जाणार नाही ते. कुस्तीची जागा आधीच आखलेली असते, दोन्ही माणसं त्या आखलेल्या जागेत राहतात, आणि कोण जिंकतो ही उत्सुकता आयतीच मिळते. सुरुवात, झटापट, चितपट. एका शॉटमध्ये पुरी गोष्ट. चूक झाली असती तर ती कळायला बोटीच्या दोन प्रवासांचा वेळ गेला असता. त्यामुळं विचार हँडल फिरवण्याआधीच करावा लागे. आपण मोबाइलवर दोन तासांचं चित्रीकरण करतो आणि मग रात्री बसून यातलं घ्यायचं काय, हे शोधत राहतो. सावेदादांना ती चैन नव्हती.

आता फाळके. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म 1870, त्र्यंबकेश्वर. मुंबईचं जे. जे. स्कूल, बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्याची नोकरी, छापखाना, जादूचे प्रयोग. चाळिशीपर्यंत या माणसानं जे जे केलं ते पुढं एकाच कामात उपयोगी पडलं, पण तेव्हा ते कुणालाच दिसत नव्हतं. धरसोड वृत्ती म्हणून लोकांनी नावंच ठेवली असतील. 1911 मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि हे आपल्याकडे राम-कृष्णाचं का होऊ नये, हा विचार डोक्यात बसला. मग रोज चित्रपट बघणं सुरू झालं. मिळेल ते पुस्तक, मिळेल तो उपकरणांचा कॅटलॉग, रात्र रात्र जागरण. इतकं, की काही काळ दृष्टी गेली आणि उपचारांनी परत आली. बघून शिकण्याची ही पहिली पायरी. त्यात करमणूक कमी आणि मोजमाप जास्त होतं.

विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून 1 फेब्रुवारी 1912 ला ते लंडनला निघाले. तिथं 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत गेले, कारण ते या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करून पाहिलं, आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेलं. हेपवर्थनी सगळी खाती मोकळेपणानं दाखवली. विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅककडे कच्च्या फिल्मची मागणी, एवढी खरेदी करून 1 एप्रिलला फाळके मुंबईत परत. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर प्रत्यक्ष शिक्षण काही आठवड्यांचंच.

हेपवर्थ यांच्याविषयी थोडं सांगतो, कारण संकलनाचा आपला धडा तिथं आहे. 1905 मध्ये त्यांच्या कंपनीनं 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नावाचा छोटा चित्रपट काढला होता. बाळ पळवून नेलं जातं आणि घरचा कुत्रा ते शोधून काढतो. बाळ हेपवर्थ यांचंच, कुत्रा त्यांचाच, कथा त्यांच्या पत्नीची. कुत्रा घरातून निघतो, रस्ता ओलांडतो, वळणावरून जातो, नदी पोहून पार करतो आणि बाळापाशी पोहोचतो. येताना त्याच जागा उलट्या क्रमानं. मग मालकाला घेऊन पुन्हा त्याच जागा. प्रत्येक जागेचा शॉट वेगळा, मध्ये कात्री चाललेली, पण बघणारा कुठंही चुकत नाही. त्याला रस्ता पाठ झालेला असतो. संकलनाचं सगळं व्याकरण यात आलं असं मी म्हणणार नाही, पण अर्धं आलं. कुणी कुठून निघालं आणि कुठल्या दिशेनं गेलं हे सांभाळा, मग मधला रस्ता तुम्ही कितीही कापा. या चित्रपटाला इतकी मागणी आली, की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि सगळा चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला!

फाळके हा कुत्रा पाहून आले होते की नाही याच्यावर मी काही बांधत नाही. ज्या कारखान्यात ही पद्धत रुळली होती, त्याची खाती ते पाहून आले, एवढं पुरे. पण परतल्यावर भांडवल कोण देणार? पैसेवाल्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभर थोडं थोडं चित्रण करत गेले. दाणा फुगला, अंकुर आला, वेल चढला, आणि पडद्यावर हे सगळं जेमतेम मिनिटभरात झालं. 'अंकुराची वाढ' म्हणून ते छोटं चित्र ओळखलं जातं. यशवंतराव नाडकर्णी यांनी ते पाहिलं आणि कर्ज द्यायला तयार झाले.

इथं जरा हिशेब करू. तेव्हा सेकंदाला साधारण 16 चौकटी धरत. मिनिटाच्या 960. त्या तीस दिवसांत वाटल्या तर रोजच्या बत्तीस. म्हणजे दिवसाकाठी दोन सेकंदांची फिल्म. उरलेला सगळा वेळ कॅमेरा बंद, आणि खरं काम त्या बंद वेळेनं केलंय. काय दाखवायचं नाही हे फाळक्यांनी कॅमेऱ्यातच ठरवलं. कात्री हातात घ्यायची गरजच उरली नाही. आणि गोष्ट? मातीतून काहीतरी बाहेर येणार आहे, कधी येतं, पुढं काय होतं. नायक एक दाणा, आणि सावकाराच्या खिशातून पैसे निघाले.

आमच्या विकासनगरात थंडीत मटारचे ढीग लागतात. शिकायला बसणाऱ्या मुलांना मी हाच पाठ देतो. एक दाणा, एक कुंडी, मोबाइल टेकवायला विटा. मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतंच, पण ते वापरायचं नाही, रोज ठरल्या वेळी स्वतः उठून चित्र घ्यायचं. चौथ्या दिवसापर्यंत निम्मी मुलं गळतात. बाकीच्यांच्या चित्रात कुंडी रोज थोडी सरकलेली असते, उजेड बदललेला असतो, आणि मग स्टँड कशाला लागतो हे कुणी सांगावं लागत नाही.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. लांबी सुमारे 3,700 फूट. फुटाला 16 चौकटी, म्हणजे एक फूट जवळपास एक सेकंद. त्या प्रत्येक फुटामागे दादरच्या घरात काय चाललं होतं ते कमी लोकांना ठाऊक आहे. कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडलेली येई. ती भोकं अंधारात, हातानं यंत्र चालवून पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्म. भोकं वाकडी पडली तर पडद्यावर चित्र थरथरणार. फिल्म धुण्याची रसायनं त्यांनी हाताळली, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. दागिनेही याच कामी गेले. आज याला आपण प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रकाशयोजना सहायक, निर्मिती व्यवस्थापक अशी तीन नावं आणि तीन पगार देऊ. तेव्हा त्याला संसार म्हणत. भारतातल्या पहिल्या चित्रपट-विद्यार्थ्यांची यादी करायची झाली तर दुसरं नाव मी त्यांचंच लिहीन.

फाळक्यांचे शॉट मात्र बहुतेक समोरून, नाटकाच्या पहिल्या रांगेतून बघितल्यासारखे. याला मी कमीपणा मानत नाही. लोकांना हरिश्चंद्राची कथा पाठ होती. कोण कोण आहे हे समजावण्यात एक फूटही खर्च करायचा नव्हता. त्यांची करामत दुसरीकडे होती. कॅमेरा थांबवायचा, माणूस उभा करायचा, कॅमेरा पुन्हा चालू, की देव प्रकट. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं, की माणसातून माणूस. जादूगाराचा हात इथं कामाला आला. 1919 च्या 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखवला. ती एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. आधी मुलगी बघा, मग देव बघा. चेहऱ्याजवळ कॅमेरा का न्यायचा, याचं इतकं साधं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि या माणसानं शिकलेलं झाकून ठेवलं नाही. 1917 मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या विषयावरच एक चित्रपट काढला. तालीम, चित्रीकरण, फिल्मवरचं पुढचं काम, आणि या सगळ्यात स्वतः फाळके. त्याचे तुकडे आजही बघायला मिळतात. आजच्या भाषेत तो शिकवणीचा व्हिडिओ, शंभर वर्षांपूर्वीचा. त्याच सुमाराला 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. ज्या काळात कारागीर आपली युक्ती पोटच्या मुलाला सांगायलाही कचरत, त्या काळात हे फार मोठं होतं.

पुढचा धडा कोल्हापूरचा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. 'राजा हरिश्चंद्र' पाहिल्यावर त्यांनाही हे वेड लागलं. आनंदराव लवकर गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीनं स्वतःच कॅमेरा तयार केला. विकत घेतलेला नव्हे, घडवलेला. चित्रकार असल्यानं त्यांना चौकट आधी कागदावर दिसे. शॉटची रेखाटनं काढून मग चित्रीकरण. रंगवलेल्या पडद्याऐवजी त्यांनी खोली असलेले देखावे उभारले. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी आहे, आणि त्यातली अंधारलेली झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं पाहणाऱ्यांच्या मनात राहिलं. मूकपट होता मंडळी! कुत्र्याचा आवाज नव्हताच. झोपडी दुरून दाखवली, मान वर केलेलं कुत्रं दाखवलं, आवाज प्रेक्षकांनी स्वतः घातला.

या कारखान्यात दामले, फत्तेलाल, शांताराम शिकले. हे गाण्याच्या घराण्यासारखं शिक्षण: पाणी भरा, सुतारकाम करा, पडदे ओढा, उस्तादाचा हात बघा. गंमत अशी, की याच काळात गाण्यात उलटी चाल चालली होती. आमच्या लखनौत 1926 मध्ये विष्णु नारायण भातखंड्यांनी मॅरिस कॉलेज काढलं, थाट आणि स्वरलिपी घेऊन, वर्गात बसवून गाणं शिकवायला. एका मराठी माणसानं गंगा-यमुनेच्या देशात घराण्याची विद्या फळ्यावर आणली. सिनेमाला फळा मिळायला अजून बरीच वर्षं होती.

1929 मध्ये पेंटरांची ही शिष्यमंडळी बाहेर पडली, 'प्रभात' निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. 1934 चा 'अमृतमंथन' बघा: राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर येतो. शांताराम त्याआधी जर्मनीत जाऊन आले होते, लांबचं जवळ आणणारी भिंग त्यांना माहीत झाली होती. सावेदादांच्या कुस्तीपासून या डोळ्यापर्यंत पस्तीस वर्षं. अख्ख्या माणसापासून एका बुबुळापर्यंत यायला एवढा काळ लागला.

त्याच वर्षांत फाळक्यांचं काय चाललं होतं? त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि तोवर बोलपट आले. मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला, त्यांचा एकमेव खरा बोलपट. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते आणि ध्वनीचं तंत्र नव्यानं शिकत होते, त्याच कोल्हापुरात, जिथल्या मुलांनी त्यांचे चित्रपट बघून कॅमेरा घडवला होता. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. 1944 मध्ये नाशिकला ते गेले. सोळा वर्षांनी, 1960 मध्ये, पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्याच जागेत सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली, आणि संकलन हा विषय वेळापत्रकात आला. जुन्या चित्रपटांसाठी वेगळं संग्रहालय पुण्यातच 1964 मध्ये झालं. फाळक्यांच्या फिल्मचे जे तुकडे वाचले ते तिथं जपले गेले.